खाडाखोडीला मनाई

बँका, विमा कंपन्या, रेल्वे आरक्षण चालवणाऱ्या अगडबंब सॉफ्टवेअरमधला सगळ्यात मोठा शोध कोणता, असं मला कोणी विचारलं (विचारत कोणी नाही, पण समजा), तर माझं उत्तर ऐकून समोरच्याचा विरसच होईल. लॉग. एक साधी फाइल. तिच्यात नवी ओळ लिहायची ती शेवटीच. मध्ये काही घुसडायचं नाही, आधीचं बदलायचं नाही, पुसायचं तर नाहीच नाही. बस्स, एवढंच.

पंचवीसेक वर्षं मी या धंद्यात आहे. कोबॉलवर सुरुवात केली, मग जावा, मग आणखी काय काय. दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी येऊन सांगतं की जुनं सगळं आता संपलं. स्क्रीन बदलतात, भाषा बदलतात, सर्व्हर आपल्या इमारतीतून दुसऱ्याच्या इमारतीत जातात आणि त्याला क्लाउड म्हणायचं असतं. पण प्रत्येक नव्या गोष्टीचं झाकण उघडून आत डोकावलं की तळाशी ती फाइल असतेच. नाव वेगळं असेल, पसारा मोठा असेल, पण नियम तोच.

हा नियम मला कॉम्प्युटरच्या आधीपासून माहीत होता, कारण माझे आजोबा, आईचे वडील, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणी या जोडशब्दातल्या दोन्ही वह्या मी त्यांच्या पुढ्यात पाहिल्या आहेत. दिवसभरात जे घडेल ते, घडेल त्या क्रमानं, कीर्दीत उतरायचं: कुठल्या शेतकऱ्याचे किती रवे आले, कोणी घेतले, उचल किती दिली. मग संध्याकाळी कीर्दीवरून खतावणी, म्हणजे ज्याची त्याची नोंद ज्याच्या त्याच्या पानावर. एखाद्याची बाकी किती हे बघायचं तर खतावणी उघडायची. भांडण लागलं तर मात्र कीर्द. खतावणी भिजली, फाटली, तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. खतावणीवरून कीर्द उभी राहत नाही, कारण कशानंतर काय झालं हे तिला माहीतच नसतं.

आणि आकडा चुकला तर? खोडायचा नाही. चूक ज्या दिवशी सापडली त्या दिवसाच्या तारखेला उलट नोंद टाकायची, अमक्याच्या नावे चुकून पडलेले इतके रुपये जमा, आणि तिच्याखाली बरोबर नोंद. "खोडलेलं दिसलं की माणूस म्हणतंय, दिवाणजीनं कायतरी दडवलंय," असं आजोबा सांगायचे. "चूक दिसली तर चालतीय."

डेटाबेस ही खतावणी आणि लॉग ही कीर्द. सॉफ्टवेअरबद्दल दिलेली बहुतेक घरगुती उदाहरणं दोन पावलं चालली की लंगडतात. हे लंगडत नाही, आणि ते का, हे पुढे येईलच.

आधी थोडं मागे जाऊ. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांचा हिशेब चुंबकीय टेपवर असायचा. कालची टेप आणि आजचे व्यवहार मशिनमध्ये घालायचे, त्यातून नवीन टेप बाहेर पडायची. कालची टेप जशीच्या तशी शिल्लक. आज काही घोळ झाला तर कालची टेप लावून पुन्हा चालवायचं. म्हणजे मागे जाण्याची सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती, ती साधनातच होती. मेनफ्रेम या अवाढव्य कॉम्प्युटरवर काम केलेल्यांना फाइलींच्या पिढ्या आठवत असतील: चालू पिढी शून्य, कालची उणे एक, आज तयार होणारी अधिक एक. टेप गेल्या, पण त्या पिढ्या अजून चालू आहेत.

मग डिस्क आल्या आणि टर्मिनल आले. आता रात्रीची वाट बघायची गरज उरली नाही. कारकुनानं बटण दाबलं की रेकॉर्ड तिथल्या तिथे बदलतं. अपोलो यानाच्या लाखो सुट्या भागांची यादी सांभाळायला आयबीएमनं रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर जी प्रणाली बांधली, तिचा पहिला 'रेडी' हा संदेश कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथल्या टर्मिनलवर १४ ऑगस्ट १९६८ रोजी उमटला. पुढे तिचं नाव आयएमएस झालं. वीज आणि टेलिफोन कंपन्यांच्या ग्राहकांची माहिती तिथल्या तिथे दाखवण्यासाठी सुरू झालेलं सीआयसीएस हे सॉफ्टवेअर १९६९ साली बाजारात आलं. दोन्ही आजही चालू आहेत. एटीएममधून पैसे काढताना कुठेतरी, कुठल्यातरी तळघरात त्यांच्यापैकी एकाला जाग येण्याची शक्यता बरीच आहे.

पण 'तिथल्या तिथे बदलणं' यात टेपची ती फुकटची सोय गेली. जुना आकडा जिथे होता तिथेच नवा बसला, जुना नाहीसा. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर? दोन कारकुनांनी एकाच वेळी एकच खातं उघडलं तर? आजोबांच्या भाषेत, कीर्द टाकून देऊन थेट खतावणीत, तीही खोडून लिहायला लागलो. आणि एका वेळी शंभर दिवाणजी.

सीआयसीएसशी माझी गाठ पडली ती वायटूकेच्या दिवसांत, अंधेरीच्या सीप्झमध्ये. परदेशातल्या एका विमा कंपनीचे कोबॉल प्रोग्रॅम, वर्षाला दोनच आकडे दिलेले, आणि आम्ही विशीतली पोरं ते चार करत बसलेलो. प्रोग्रॅम कोलमडला की स्क्रीनवर चार अक्षरांचा कोड यायचा, ए-एस-आर-ए. सगळे त्याला 'आस्रा' म्हणत. आमच्यातला भोरकडचा एक जण दर वेळी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, आसरा लागली, विहिरीवर नारळ द्या. तर त्या कोडबेसमध्ये मला पहिल्यांदा दिसला तो सिंकपॉइंट. एक ओळीची आज्ञा. इथपर्यंत जे केलं ते पक्कं धर, असा तिचा अर्थ. त्याच्या आधी आस्रा आला तर जणू काहीच झालं नव्हतं. हे 'जणू काहीच झालं नव्हतं' कोण आणि कसं घडवून आणतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सिंकपॉइंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी टाकायचा, आणि चहाला जायचं.

ज्या माणसाला तो प्रश्न पडला त्याचं नाव जिम ग्रे. बर्कलीत पीएचडी, मग आयबीएमची सॅन होजेची प्रयोगशाळा. तिथेच टेड कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला होता आणि तो प्रत्यक्षात चालतो का हे बघायला 'सिस्टीम आर' नावाचा प्रकल्प सुरू होता. कॉड यांनी माहिती कशी मांडावी हे सांगितलं. ग्रे यांच्या वाट्याला आलं ते कमी चमकदार काम: ही माहिती एकाच वेळी अनेकांनी हाताळली आणि मध्येच मशिन बंद पडलं, तरी ती खरी कशी राहील. या कामासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी समुद्रात सोडायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या होडीतून गेले आणि परतले नाहीत. हजारो लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं डोळ्यांत तेल घालून तपासली. होडी सापडली नाही. यावर काव्य करायचा मोह बऱ्याच जणांना झालेला आहे. मी तो टाळते.

१९८१ मध्ये ग्रे यांनी 'ट्रान्झॅक्शन', म्हणजे झाला तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही असा व्यवहार, ही कल्पना नीट मांडणारा एक निबंध लिहिला. तोवर ते टँडम या कंपनीत गेले होते. त्यात तिथल्या तिथे बदल करण्याच्या पद्धतीला ते विषारी सफरचंद म्हणतात, म्हणजे प्रश्नचिन्ह घालून म्हणतात, आणि पुरावा म्हणून कोणाला बोलावतात? हिशेबनीसांना. मातीच्या विटांवर आणि मग शाईनं कागदावर हिशेब लिहिणाऱ्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की वहीत फेरफार करायचा नाही; चूक झाली तर भरपाईची नवी नोंद करायची, म्हणजे वही हाच धंद्याचा पूर्ण इतिहास राहतो. हे वाचताना मी ऑफिसातच होते आणि मोठ्यानं हसले. शाहूपुरीतल्या दिवाणजींची साक्ष कॅलिफोर्नियात काढली गेली होती, आणि तीही कॉम्प्युटरला शिकवायला.

आता ते यंत्र आतून कसं चालतं ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत फार कोरडी करून ठेवलेली असते.

डेटाबेसमधली माहिती डिस्कवर पानांमध्ये असते. बदल करायचं पान आधी मेमरीत आणायचं, तिथे बदलायचं. बदललेलं पान लगेच डिस्कवर जात नाही. पानं डिस्कभर विखुरलेली असतात आणि एकेक पान शोधून लिहायचं म्हणजे वेळ जातो. त्यामुळे ते सवडीनं होतं. पण वीज गेली की मेमरी कोरी. म्हणून नियम असा: पान डिस्कवर जायच्या आधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये गेलेली असली पाहिजे, आणि 'व्यवहार पूर्ण' असं ग्राहकाला सांगायच्या आधी त्या व्यवहाराच्या सगळ्या नोंदी लॉगमध्ये पक्क्या झालेल्या असल्या पाहिजेत. आधी कीर्द, मग खतावणी. लॉगमध्ये लिहायचं ते शेवटीच, त्यामुळे शोधाशोध नाही, काम झटपट. सुरक्षितता आणि वेग सहसा एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. इथे ते एकत्र नांदतात, आणि माझ्या मते ही युक्ती टिकली ती यामुळे. नुसतीच सुरक्षित असती तर कोणीतरी 'परफॉर्मन्स'च्या नावाखाली कधीच काढून टाकली असती.

मशिन पुन्हा चालू झाल्यावर काय करायचं, याचं आज बहुतेक सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात ते उत्तर म्हणजे एरीज. आयबीएमच्याच अल्माडेन प्रयोगशाळेतले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. मोहन आयआयटी मद्रासचे. एरीजच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत लॉग वाचून वीज गेली त्या क्षणी कोणते व्यवहार अर्धवट होते ते शोधायचं. दुसरीत जे जे घडलं होतं ते सगळं पुन्हा घडवायचं. सगळं म्हणजे सगळं, जे अर्धवट राहिले आणि पुढे रद्दच करायचे आहेत ते व्यवहारसुद्धा. तिसऱ्या फेरीत ते अर्धवट व्यवहार एकेक करून मागे घ्यायचे.

दुसरी फेरी पहिल्यांदा वाचली की वेडेपणा वाटतो. जे रद्द करायचं ते आधी कशाला पुन्हा करायचं? पण त्यातच सगळं शहाणपण आहे. तुम्ही निवडून निवडून काही गोष्टी पुन्हा केल्यात आणि काही गाळल्यात, तर जी अवस्था तयार होते ती आधी कधीच अस्तित्वात नव्हती. तिच्याबद्दल लॉगला काहीच ठाऊक नाही. म्हणून आधी नेमकं त्या क्षणाशी जाऊन उभं राहायचं, त्यातल्या चुकांसकट, आणि तिथून दुरुस्ती सुरू करायची. आणि तिसऱ्या फेरीत मागे घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचीही लॉगमध्ये नोंद होते. दुरुस्ती चालू असताना पुन्हा वीज गेली तर एकच गोष्ट दोनदा मागे घेतली जाऊ नये म्हणून. म्हणजे मागे जाणंसुद्धा वहीत पुढेच लिहिलं जातं.

मला या तीन फेऱ्यांइतकी सुंदर गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी दिसलेली नाही. मुलाखतीला आलेल्या मुलामुलींना मी हे विचारते. बहुतेकांना ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांची आद्याक्षरं पाठ असतात, एसीआयडी. ती जुळवणी हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी १९८३ मध्ये केली, आणि तेव्हापासून परीक्षेच्या पेपरात चार मार्कांची सोय झाली. दुसऱ्या फेरीत रद्द होणारे व्यवहारही का करायचे, यावर मात्र खोलीत शांतता पसरते. चूक त्यांची नाही. हे यंत्र इतकं निमूटपणे काम करतं की त्याची चौकशी करायची वेळच येत नाही.

डेटा असा सुरक्षित झाल्यावर मग मोडतं काय? ग्रे यांनी १९८५ मध्ये टँडमच्या यंत्रणा का बंद पडतात याची छाननी केली. टँडमची यंत्रं बंदच पडू नयेत म्हणून बांधलेली होती, त्यामुळे तिथे जे शिल्लक राहिलं ते महत्त्वाचं. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के. सॉफ्टवेअर २५ टक्के. आणि माणसांनी केलेली देखभाल, बदल, सेटिंग हे सगळं मिळून ४२ टक्के. थोडक्यात, आम्ही.

म्हणून मोठ्या सॉफ्टवेअरमधल्या शोधांचा दुसरा प्रवाह डेटासाठी नाही, आमच्यासाठी आहे. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिलं. प्रोग्रॅमच्या प्रत्येक फाइलचा प्रत्येक बदल, कोणी केला, कधी केला, का केला, यासकट ठेवायचा. पुन्हा कीर्दच, यावेळी कोडची. तिथून पुढची वंशावळ लांब आहे, आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन, ती मी सोडून देते. बऱ्याच जणांच्या त्यातल्या आठवणी फार सुखद नसतील. गिट मात्र सोडता येत नाही. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोग्रॅमरांना वापरायला मिळालेलं आधीचं साधन बंद झालं, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ तारखेला काम सुरू केलं आणि ७ तारखेला गिटचं स्वतःचं कोड गिटमध्येच ठेवलं जाऊ लागलं. प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीचा ठसा असतो. मागची एक ओळ बदललीत तर पुढच्या सगळ्या नोंदींचे ठसे बदलतात. खाडाखोड करता येते, पण लपवता येत नाही.

गिटमध्ये मागे जायचे दोन रस्ते आहेत आणि माणसाचा स्वभाव कळायला ते पुरेसे आहेत. एक रिव्हर्ट: चुकीचा बदल तसाच ठेवून त्याच्या उलट बदलाची नवी नोंद. दुसरा रीसेट, आणि मग तो सगळ्यांच्या माथी मारायला फोर्स पुश: ती चूक झालीच नव्हती असं भासवणं. आमच्याकडे मुख्य शाखेवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडवर, फोर्स पुश बंद आहे. नवीन आलेले त्यावर कुरकुरतात, इतिहास घाण दिसतो म्हणतात. दिसू दे. सहा महिन्यांनी रात्री बिलं चुकायला लागली की त्या घाणीतच उत्तर असतं. ज्यांच्या नोंदीत नुसतं 'फिक्स', त्यानंतर 'फायनल फिक्स' आणि मग 'फायनल फिक्स २' असतं, त्यांना मात्र आजोबांनी एका दिवसात घरी पाठवलं असतं.

इथवर ऐकून असं वाटेल की मागे जायची सोय केली की झालं. नाही. या भ्रमाचा सगळ्यात महागडा पुरावा १ ऑगस्ट २०१२ चा आहे. नाइट कॅपिटल ही न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली मोठी दलाल कंपनी. त्या दिवशी बाजारात एक नवीन योजना सुरू होत होती आणि तिच्यासाठीचं नवीन कोड कंपनीच्या आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सातवर चढलं. आठव्यावर राहून गेलं, आणि ते दुसऱ्या कोणी तपासायची पद्धत नव्हती. नव्या कोडनं एक जुना खुणेचा बिट पुन्हा वापरायला घेतला होता. जुन्या कोडमध्ये त्याच बिटचा अर्थ होता 'पॉवर पेग' नावाचा प्रोग्रॅम चालू कर. तो कित्येक वर्षं कोणी वापरला नव्हता, पण काढूनही टाकला नव्हता. बाजार उघडला, आणि आठव्या सर्व्हरवरचं ते भूत जागं झालं. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींवरून त्यानं बाजारात ऑर्डरींचा भडिमार सुरू केला. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त सौदे. तोटा ४६ कोटी डॉलर.

माझं लक्ष खिळतं ते पुढच्या हालचालीवर. गडबड चालू असताना कंपनीच्या माणसांना वाटलं, नव्या कोडमध्ये दोष आहे. म्हणून त्यांनी सात सर्व्हरवरून नवं कोड काढून टाकलं, जुनं परत आणलं. आमच्यापैकी कोणीही तेच केलं असतं. झालं काय, तर आता आठही सर्व्हरवर जुनं कोड, आणि येणाऱ्या ऑर्डरींवर मात्र नव्या अर्थाची खूण. पॉवर पेग आठ ठिकाणी चालू झाला. आग विझवायला ओतलेल्या बादलीत रॉकेल निघालं. अमेरिकेच्या बाजार नियामकानं नंतर केलेल्या चौकशीत हेही निघालं की बाजार उघडण्याआधी कंपनीच्या यंत्रणेनं ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते सावधगिरीचे इशारे म्हणून नेमलेले नव्हते, म्हणून कोणी वाचले नाहीत. पुढच्या वर्षी नाइट दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

एरीजची दुसरी फेरी का लागते, हे मला या प्रकरणानं नीट समजलं. मागे जाण्याआधी आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळायला हवं. नाइटमध्ये तशी वहीच नव्हती, कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे सांगणारी. त्यांनी उलट नोंद टाकली, पण मूळ नोंद कोणती होती हे न बघता. आणि दुसरं असं की कोड मागे गेलं तरी सौदे मागे जात नाहीत. शेअर विकत घेतलेले असतात, समोर खरी माणसं असतात. कॉम्प्युटरच्या बाहेरच्या जगाला रिव्हर्टचं बटण नाही. तिथे फक्त भरपाई.

या भरपाईचाही शास्त्रशुद्ध विचार झालेला आहे. एक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी प्रिन्स्टनमध्ये १९८७ साली 'सागा' नावाची पद्धत मांडली. लांबलचक व्यवहार संपेपर्यंत त्यातली माहिती कुलूपबंद ठेवता येत नसेल (म्हणजे तोवर दुसऱ्या कोणाला तिला हात लावू द्यायचा नाही), तर त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा आपापला पूर्ण होऊ द्या, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची भरपाई करणारा उलटा तुकडाही आधीच लिहून ठेवा. मध्ये कुठे अडलं तर मागच्या तुकड्यांच्या भरपाया उलट्या क्रमानं चालवत या.

प्रिन्स्टनची ही कल्पना आज आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत पोचली आहे. यूपीआयनं पैसे पाठवताना तुमच्या बँकेत वजा होतात, भाजीवाल्याच्या बँकेत जमा होतात, मध्ये यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयची यंत्रणा. दोन वेगळ्या बँका, दोन वेगळे डेटाबेस. दोघांनाही एका कुलपात धरून थांबवायचं ठरवलं तर देशभर रांगा लागतील. म्हणून वजा करणं हा एक तुकडा, जमा करणं हा दुसरा, आणि दुसरा फसला तर पहिल्याची भरपाई. 'पैसे कापले गेले, पण पोचले नाहीत' हे वाक्य आपण सगळ्यांनी काउंटरवर उभं राहून, मागच्या माणसाच्या नजरा चुकवत म्हटलेलं आहे. ती सागाची मधली अवस्था. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिला चक्क मुदत घालून दिली: खात्यातून खात्यात पाठवलेले असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत, आपोआप परत आले पाहिजेत, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला. संगणकशास्त्रातल्या एका अवस्थेला रुपयांत दर लावणारं असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. परिपत्रक लिहिणाऱ्याला मनापासून दाद.

गेल्या दशकात लॉगचं आणखी एक झालं. तो तळघरातून वर आला. आधी डेटाबेस मुख्य आणि लॉग त्याचा नोकर होता. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी काफ्का बांधलं, २०११ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यात लॉग हाच मालक. कंपनीत जे जे घडतं ते आधी त्या लॉगमध्ये जायचं, आणि ज्याला जी खतावणी हवी ती त्यानं त्यावरून आपली आपण काढून घ्यायची: हिशेबाची वेगळी, शोधाची वेगळी, फसवणूक पकडणाऱ्यांची वेगळी. नेहा नारखेडे पुण्यात वाढलेल्या, तिथल्याच पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. माझ्या ऑफिसातल्या पीआयसीटीवाल्यांना हे सांगायला फार आवडतं, आणि का आवडू नये.

अनेक सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर चालतं ठेवणाऱ्या कुबरनेटीसबद्दल लोक माझ्यापेक्षा जास्त उत्साहानं लिहितात, म्हणून थोडक्यात. कोणतं सॉफ्टवेअर, कुठल्या आवृत्तीचं, किती ठिकाणी चालू असायला हवं हे आपण लिहून द्यायचं. ते तसं आहे की नाही हे यंत्रणा सतत बघत राहते आणि नसेल तर तसं करते. ते लिहून दिलेलं जर गिटमध्ये ठेवलं, तर चालू यंत्रणेचीही कीर्द तयार होते. आठव्या सर्व्हरवर राहून गेलं, हे अशा ठिकाणी सहजासहजी होत नाही. वेगळ्या तऱ्हेचं काहीतरी होतं, पण ते असो.

आता या सगळ्या पक्क्या वह्यांसमोर एक नवीन माणूस येऊन उभा आहे आणि म्हणतोय, माझं नाव खोडा. युरोपात २०१८ पासून तो तसं म्हणू शकतो. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. मला हा कायदा पटतो. कोणाच्या आजाराची, कर्जाची, पत्त्याची माहिती एखाद्या कंपनीनं केवळ जागा स्वस्त आहे म्हणून जन्मभर धरून ठेवावी, हे बरोबर नाही. आजोबांची पद्धत एका दुकानातल्या एका कपाटापुरती होती आणि त्या वह्या कधीतरी वाळवीच्या किंवा बंबाच्या वाट्याला जायच्या. आमच्या वह्यांच्या प्रती तीन शहरांत असतात आणि त्यांना वाळवी लागत नाही.

पण लॉगमधून एक ओळ काढायची म्हणजे ज्या नियमावर सगळा डोलारा उभा आहे त्यालाच हात घालायचा. त्यावर सध्याची तोड अशी: प्रत्येक माणसाची माहिती लॉगमध्ये लिहितानाच त्याच्या स्वतंत्र किल्लीनं कूटबद्ध करायची, आणि त्यानं पुसायला सांगितलं की माहितीला हात न लावता फक्त किल्ली नष्ट करायची. ओळ जागेवर राहते, क्रम बिघडत नाही, पण ती कोणालाच वाचता येत नाही. मला हे आवडतं, आणि थोडं खटकतंही. खोडल्याशिवाय खोडल्यासारखं करायची ही वकिली युक्ती आहे. त्यासाठी किल्ल्या मात्र अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात जिथे खरोखर पुसता येतं, बॅकअपमध्येसुद्धा. म्हणजे इतक्या वर्षांनी पुन्हा एक खाडाखोडीची वही आलीच, फक्त लहान आणि कुलपातली.

सध्या आमच्या टीमचं त्यावरच अडलंय. कोणाची किल्ली, कधी, कोणाच्या सांगण्यावरून नष्ट केली याची नोंद ठेवणं ऑडिटरला हवं आहे. ती नोंद अर्थातच लॉगमध्ये जाणार. त्यात त्या माणसाचा ग्राहक क्रमांक लागणार, नाही तर नोंदीला अर्थ नाही. मग तो क्रमांक ही त्या माणसाची माहिती झाली की नाही? आमच्या विधी विभागाचं म्हणणं झाली. ऑडिटरचं म्हणणं नाही झाली. पुढची मीटिंग सोमवारी आहे.